नऊ नंबर आणि बिडाचा तवा

"पोरगी सांभाळ. नाही जमलं, तर तिचं ती सांभाळेल. पण ह्या तव्याला साबण लावलास ना व्हर्लिन, तर मी असेन तिथून उठून येईन!"

सत्तावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, सासूबाईंनी बिडाचा जडशीळ तवा जावयाच्या हातात ठेवून हे बजावलं होतं. तीन पिढ्यांची चरबी पिऊन काळाभोर झालेला, कोरड्या फडक्याने पुसायचा तवा. सासूबाई ह्या मार्चमध्ये गेल्या. त्यांचा आवाज मात्र तव्यापाशीच राहिला.

आणि शनिवारी, नेमक्या शर्यतीच्या सकाळी, त्याच्या बायकोने, नेल्डाने, तो तवा व्हर्लिनच्या नाकासमोर धरला. तवा राखाडी पडला होता, आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

"हे काय आहे?"

"मी नाही लावला."

"मग काय मांजराने लावला? घरात आपण दोघंच आहोत."

"नेल्डा, आईशपथ..."

"आईचं नाव काढू नकोस!"

एवढं बोलून तिने अबोला धरला. एरवी अबोला परवडतो, पण शर्यतीच्या दिवशी नाही. कारण पायनी फोर्क गावच्या त्या इवल्याशा गोल धावपट्टीवर व्हर्लिनचा पिकअप ट्रक धावायचा तो नेल्डाच्या डोळ्यांनी. हेल्मेट आणि पट्ट्यांत आवळलेल्या माणसाला शेजारचंही दिसत नाही. प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या छपरावर उभी राहून नेल्डा रेडिओवरून सांगायची, "आत, राजा," म्हणजे आतल्या बाजूला कोणीतरी आहे. "बाहेर, राजा." आणि सगळ्यांत गोड शब्द, "मोकळं, राजा." ह्या 'राजा'च्या जोरावर व्हर्लिन सोळा वर्षं धावत होता. पहिला मात्र एकदाही आला नव्हता. पहिल्याला अख्खी, खारवलेली डुकराची मांडी मिळायची. दरवर्षी ती कॉय ब्रॅनक घरी न्यायचा, आणि वर वर्षभर तिची चव सांगायचा. आज मोसमातली शेवटची शर्यत होती.

हिरवा झेंडा पडला. चोवीस ट्रक गुरगुरत सुटले. डावं वळण, पुन्हा डावं वळण. जात्यासारखं नुसतं गरगर फिरायचं, आणि पीठ पडायचं ते टायरांचं.

"आत, नऊ नंबर," कानात आवाज आला.

नऊ नंबर! सत्तावीस वर्षांच्या संसारात राहिलं काय, तर गाडीचा आकडा.

"बाहेर, नऊ नंबर."

"बरं."

"भांड्यांचा होता की गाडी धुवायचा?"

"काय?"

"साबण!"

व्हर्लिनचा ब्रेक चुकला. नऊ नंबरने भिंतीला गाल घासला, पत्रा लोंबकळला आणि सावकाशीचा पिवळा झेंडा वर गेला. सगळ्या गाड्या बैलगाडीच्या चालीने निघाल्या. आता बोलायला निवांत वेळ मिळाला, हाच घोटाळा झाला.

"मी हात लावला नाही तव्याला!"

"चोर कधी म्हणतो का, मी चोर आहे?"

"सत्तावीस वर्षं तुझ्या आईला घाबरून मी स्वयंपाकघरात साधं तोंडसुद्धा धुतलं नाही!"

ह्या भरात दोघंही एक गोष्ट विसरले. गाड्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला तिथे निम्मे लोक कानाला यंत्र लावून बसतात. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं, त्यांना शेजारचा ऐकवत होता. भोंग्यावरून निवेदकाने जाहीर केलं, "मंडळी, नऊ नंबरचं इंजिन ठणठणीत आहे. संसार तेवढा तापलाय."

कॉयने गाडी शेजारी आणली, खिडकीच्या जाळीआडून व्हर्लिनकडे पाहिलं आणि हवेतल्या हवेत तवा घासून दाखवला.

सगळे टायर बदलायला आत वळले. व्हर्लिनही वळणार, तेवढ्यात टायर बदलणारा त्याचा मेहुणा ओडेल रेडिओवर आला. "इकडे यायचं नाही! माझ्या आईच्या तव्याला साबण लावणाऱ्याच्या गाडीला मी पाना लावत नाही."

"अरे ओडेल, टायर गुळगुळीत झालेत!"

"तव्यावरची चरबीसुद्धा गेली. भोग आता!"

व्हर्लिन तसाच पुढे गेला, आणि पाहतो तर समोर कोणीच नाही. बाकी सगळे टायर बदलत बसलेले. शिक्षा म्हणून का होईना, सोळा वर्षांत पहिल्यांदा तो सगळ्यांच्या पुढे होता.

पुढच्या वीस फेऱ्या त्याने दात-ओठ खाऊन काढल्या. शेवटच्या फेरीला कोऱ्या टायरांवरचा कॉय आतल्या बाजूने डोकं घालू लागला.

"आत, नऊ नंबर. आत. आत."

वळणावर कॉयचं चाक घसरल्यासारखं वाटलं. तो मागे पडला असेल, तर झटकन आत सरकून वाट अडवायची, की मांडी आपली. नसेल पडला, तर दोघंही भिंतीत.

"नेल्डा, मोकळं आहे का?"

कानात नुसती खरखर.

"नेल्डा! मोकळं?"

"आधी बोल."

"काय बोलू? ताशी ऐंशी मैलांनी चाललोय!"

"मग ताशी ऐंशी मैलांनी बोल."

प्रेक्षकांतल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. "बोल! बोल!" ओरडत होत्या. शेवटचं वळण समोर आलं. व्हर्लिनने डोळे किलकिले केले आणि सोळा वर्षांच्या हौसेपायी सत्तावीस वर्षांची अब्रू सोडून दिली.

"लावला! मीच लावला साबण! चुकलं माझं, बाई!"

मग हलक्या आवाजात, "मोकळं, राजा."

तो झटकन आत सरकला आणि गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने जिंकला. लोक त्याच्यासाठी ओरडले की कबुलीसाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

व्हर्लिन मांडी उराशी धरून, दिसेल त्याची क्षमा मागत गाडीपाशी उभा होता. ओडेलने मोठ्या मनाने माफ केलं. "ह्या मांडीचीच चरबी जिरव तव्यात. धरेल परत रंग."

नेल्डा छपरावरून सावकाश उतरून आली. डोळे लाल झाले होते. तिने आपला रेडिओ बंद केला. त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओची तार ओढून काढली. मग सवयीने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग मागे.

"मोकळं आहे," ती स्वतःशीच पुटपुटली आणि त्याच्या कानाशी आली. "गुरुवारी आईची आठवण येत होती रे. हात भांडी घासत होते, लक्ष भलतीकडे. साबण मीच लावला."