त्र्यंबकपंतांचें गाणें दोनदां राहिलें त्याची हकीकत

श्रीगजानन व शारदा यांसी दंडवत घालून, जें कानीं आलें तेंच कागदीं उतरितों. पदरचें कांहीं नाहीं, असलें तर अक्षर. शके सत्राशें अकरा, सौम्यनाम संवत्सरीं, एके राज्यांत त्र्यंबकपंत खरवंडीकर म्हणोन दप्तरांत कारकून होते. गळा ऐसा गोड कीं पंतांनीं तक्रारअर्ज वाचून दाखविला तरी तक्रार करणारा वाहवा म्हणे. पंतांचे मनीं एकच, दरबारी गवई व्हावें. त्याच सालीं दरबारचे थोरले बुवा कैलासवासी जाहले, मग महाराजांनीं पंतांस गावयास बोलाविलें. पंतांची स्त्री सगुणाबाई बोलली, "बसतांक्षणीं गा. बोलत बसूं नका." पंत गेले, मुजरा केला, तंबोरा हातीं घेतला आणि बोलूं लागले, कीं हा राग पूर्वीं कसा गात, आणि हल्लीं कसा बिघडवितात, आणि कैलासवासी बुवांचा वरचा सूर किती उतरत असे. बुवांचे पुत्र समोरच बसले होते. महाराजांनीं तेथेंच पुत्रांस शालजोडी व बुवांची जागा दिली.

मग तिसरे वर्षीं शेजारील राणीसाहेबांचा वकील चांगला गवई शोधीत नगरांत आला. तो सायंकाळीं येणार ऐसें कळलें, म्हणोन पंतांनीं गळा जपावयास तोंवर मौन धरिलें, आणि वकील दुपारींच दारीं आला. सगुणाबाई नदीवर गेली होती. वकिलानें विचारिलें, "गाणारे पंत ते आपणच काय?" पंतांनीं मान हालविली, छातीवर हात ठेविला, गळा दाखविला, आकाशाकडे बोट केलें. वकील सोबतच्या आपल्या कारभाऱ्यास म्हणाला, "मुक्याचे घरीं गवई विचारितों, अक्कल आपलीच," आणि पलीकडील आळींतून दुसराच गवई घेऊन गेला. सायंकाळीं पंतांनीं मौन सोडिलें तेव्हां पहिला शब्द कोणता निघाला तो येथें लिहवत नाहीं. तंबोरा माळ्यावर गेला, आणि पंत वीस वर्षें घरांत गुणगुणलेदेखील नाहींत. सगुणाबाईंस तेंच फार जाचलें.

पुढें लेक वेणू बाळंतपणास माहेरीं आली, मुलगी जाहली, आणि ती रडूं लागली ती कोणास आवरेना. सगुणाबाईंनीं गाइलें, वेणूनें गाइलें, मुलगी अधिकच पेटली. एके सुटीचे दुपारीं पंतांनीं त्रासून तिला मांडीवर घेतली, आणि नकळत गाऊं लागले. आवाज झिजला होता, वर जातां फाटला. मुलगी गप्प राहून पंतांचे तोंडाकडे पाहत राहिली, आणि निजली. पंत गातच होते.

वेणू हळूच म्हणाली, "बाबा, पुरे. निजली."

"अंतरा राहिला," पंत बोलले.

दुसरे दिवशीं पंत दप्तरांत असतां सगुणाबाईंची मोलकरीण धांवत आली, कीं लवकर चला, तिला दुसऱ्या कोणाचें चालत नाहीं. पंतांनीं लेखणी ठेविली, पागोटें नीट केलें आणि उठले. फडणीस बोलले, "पंत, काम टाकून कोठें?"

पंत बोलले, "गाण्यास बोलावणें आलें आहे."

एकूण दरबार दोन गेले, तिसरा साधला. मालकीण सव्वा महिन्याची, हाजिरी रोज दुपारीं. इति.