पहिल्या ढिगाचं नाव

गेडाम सरांना तुम्ही नमस्कार केलात, तर ते आधी विचारतील, "बरं वाटून राह्यलं काय? एक ते पाचमधी सांग." एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवतात. बाहेरचा चहावाला तर कप ठेवतानाच सांगून टाकतो, "सर, आज चार." एकदा एका ऑटोवाल्याने वैतागून "मायनस दोन" म्हटलं, तर सर दिवसभर अस्वस्थ होते. ते त्यांच्या पट्टीत कुठेच बसत नव्हतं.

मला त्यांची भीती वाटायची. तशी कॉलेजातल्या सगळ्याच गोष्टींची वाटायची. मी मुकुटबनजवळच्या गावातली, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली. ग्रंथालयात पुस्तक मागतानाही माझा आवाज फुटत नसे. नापास झालीस तर परत घरी, हे बाबांनी हसत हसत, पण सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प सरांकडेच आला. विषय होता, मुली अभ्यास का करतात. मी काही वाक्यं लिहून काढली आणि होस्टेलच्या मुलींकडून प्रत्येक वाक्यापुढे, ते किती पटतं याचे, एक ते पाच आकडे भरून घेतले. पुढे होतं घटक विश्लेषण. ते सरांनी असं समजावलं: बसस्टँडच्या गर्दीत कोण कोणाचं, हे आपल्याला माहीत नसतं, पण जे एकत्र उठतात, एकत्र बसतात, ते एका घरचे समजायचे. वाक्यांचंही तसंच. "कंप्युटर ढीग लावून देते, बाई. नाव मात्र आपल्याले ठेवा लागते."

पहिला ढीग आला आणि सर स्क्रीनजवळ सरकले. 'मला पहिलं यायचं आहे' हे वाक्य 'नापास झाल्याचं स्वप्न पडतं' याच्या शेजारी येऊन बसलं होतं. सरांनी मला सगळे आकडे कंप्युटरमध्ये पुन्हा भरायला लावले. ढीग हलला नाही. मग ते म्हणाले, याला 'यशाची ओढ' म्हणू, पुस्तकांत तसंच असतं, बाहेरच्या परीक्षकांशी वाद कायले घ्यायचा. मी मान हलवली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्या स्वप्नावरच बोट ठेवलं. हे यशाच्या ओढीत कसं काय, त्यांनी विचारलं. पाठ केलेलं उत्तर होतं, पण खोटं बोलायलाही धीर लागतो, तेवढा माझ्यात नव्हता.

"सर, ही ओढ नाही," मी म्हणाले. "ही भीती आहे. परत जावं लागेल, याची."

परीक्षकांनी गेडाम सरांकडे पाहिलं. प्रकल्पात 'ओढ' छापलेलं होतं आणि खाली सरांची सही होती. सरांनी प्रकल्प स्वतःकडे ओढून घेतला. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. नाव मी चुकीचं ठेवलं. मले समजलं होतं."

मी पास झाले. दुपारी सरांना सांगायला त्यांच्या खोलीकडे गेले, तर दार आतून बंद. वाजवल्यावर घाईने डबा झाकल्याचा आवाज आला. दार उघडत सर ओशाळून म्हणाले की ते नेहमी दार लावूनच जेवतात. पांढरकवड्याकडच्या त्यांच्या वस्तीवरून शिकायला बाहेर पडलेले तेच पहिले. नोकरीत केस पिकले, तरी जेवायला बसलं की त्यांना वाटतं, आता कोणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ इथून.

मी खुर्ची ओढून बसले. सरांनी अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली.

"दार लावू का, सर?"

त्यांनी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"राहू दे उघडं," ते म्हणाले. "तू हाये ना."