निरोप्या मन्नूभाऊ

कामरगावात आज शेंबड्या पोराच्या हातातही मोबाइल आहे. तरीही रोज सकाळी मी मागच्या दारानं येऊन माझ्या कृषी केंद्राचं शटर आतून वर करायला लागलो की आधी पांढऱ्या चपला दिसतात, मग कडक इस्त्रीची पँट, मग सिल्कचा शर्ट, आणि शेवटी मन्नूभाऊचं तोंड उगवतं. ते तोंड विचारतं, "सांग भौ, कोणाले काही सांगणं हाय काय?"

मन्नूभाऊ गावातल्या सगळ्यात श्रीमंत घराचा एकुलता एक वारस. संत्र्याच्या बागा, ट्रॅक्टरची एजन्सी, रस्त्यावर तीन मजली बंगला. आणि हा धनी पन्नाशी ओलांडल्यावर गावभर निरोप पोचवत हिंडतो. फुकट! बरं, निरोप ज्याला द्यायचा तो लांब असावा, अशीही अट नाही. माझ्या घरी तो बसलेला असताना मी आत हाक मारली, "सुनंदा, चहा ठेव वं!" तर हा उठणार, चार पावलांवरच्या स्वयंपाकघराच्या दारात जाणार आणि माझ्या बायकोला सांगणार, "वहिनी, तुमच्या हातच्या चहाची आठवण काढून राह्यला भौ."

आतून सुनंदा कडाडते, "त्याईले म्हणा, आताच त ढोसला!"

हा गंभीर चेहऱ्यानं परत येतो. "वहिनीले तुह्या तब्येतीची लय काळजी वाटते."

मी बहिरा नाही. सुनंदाही नाही. पण मन्नूभाऊच्या राज्यात ऐकू येण्याला किंमत नाही; तो सांगेल तेच खरं.

गेल्या पेरणीला दोन चुलत भावांची धुऱ्यावरून जुंपली. धुरा म्हणजे दोन वावरांमधला, शेतांमधला बांध. आमच्याकडे मारामारीसाठी याहून चांगली जागा नाही. मन्नूभाऊ नेमका धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. एक भाऊ ओरडला, "तुह्या बापाचा हाय काय धुरा?"

मन्नूभाऊ दुसऱ्याकडे वळला. "तो विचारून राह्यला, काकाची तब्येत कशी हाय?"

दुसऱ्यानं काठी उचलली. "त्याले म्हणा, टंगडं तोडीन!"

मन्नूभाऊ पहिल्याकडे वळला. "तुह्या गुडघ्याचं दुखणं कसं हाय म्हणते."

तिसऱ्या निरोपाला काठीवाल्याला हसू फुटलं. मग दोघं भाऊ धुऱ्यावर बसून तंबाखू मळू लागले, आणि मन्नूभाऊ पँटची माती झटकत पुढच्या निरोपाला निघाला.

ही विद्या तो शिकला कुठं, हे मला माहीत आहे. आम्ही एका वर्गात होतो, आणि त्या काळी मन्नूच्या बंगल्यावर जायला मिळणं म्हणजे आम्हा पोरांची दिवाळी. त्याच्याकडे सगळं दोन-दोन असायचं. बाबांनी लाल सायकल आणली की आठवड्यात आई निळी आणायची. वाढदिवसाला वर बाबांच्या खोलीत एक केक, खाली आईच्या खोलीत दुसरा. आम्ही दोन्हीकडे हात मारायचो आणि मन्नूच्या नशिबावर जळायचो.

मग एकदा मी तिथं जेवायला थांबलो. बारा खुर्च्यांचं टेबल. एका टोकाला मन्नूचे बाबा, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आई दाराआड उभी. दोघांचं आपसात बोलणं बंद होतं. कशावरून, ते गावाला कधीच कळलं नाही. गावानं आपापल्या सोयीनं कारणं लावली.

बाबांनी घास घेतला आणि गरजले, "मन्या, तिले सांग, वरणात मीठ नाही!"

मन्नू अर्धा घास टाकून दाराशी गेला. "आई, बाबा म्हणते वरण मस्त झालं. जराकसं मीठ टाकलं त अजून मस्त होईन."

"त्याईले म्हण, घराची चव असती त बाहेर तोंड मारत फिरले नसते!"

मन्नू परत आला. "बाबा, आई म्हणते, आज घरीच थांबा."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मग उठले, हात धुतले आणि जीप काढून गेले. मन्नू तसाच टेबलाशी उभा. त्या दिवशी मला दिसलं, की त्या बंगल्यात सगळे मन्नूशीच बोलतात, आणि मन्नूशी कोणीच बोलत नाही. 'तिले सांग,' 'त्याईले म्हण.' तू जेवलास का, हे विचारायची कोणाला आठवण नव्हती.

पुढे तो मुलगी पाहायला कारंज्याला गेला. मी सोबत होतो. मुलगी समोर बसलेली, आणि आमचा नवरदेव शेजारच्या तिच्या भावाला म्हणतो, "ताईले विचारा, त्याईले संत्री आवडते काय?" मुलगी चटपटीत होती. ती भावाला म्हणाली, "त्याईले सांग, तोंड हाय त मले विचारा म्हणा." मन्नूभाऊनं घाम पुसला, तोंड उघडलं, मिटलं. पोहे थंड झाले. लग्न जमलं नाही. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगतो आणि सगळ्यांत जोरात हसतो.

बाबा गेले. त्यांचा फोटो भिंतीवर लागला, तरी आईनं अबोला सोडला नाही. "सांग तुह्या बापाले, बागेले पाणी सोडलं." आणि मन्नूभाऊ फोटोसमोर उभा राहून सांगायचा, "बाबा, आई म्हणते, बाग पाहाले तुमी पाह्यजे होते."

अखेरच्या आजारपणात आईनं त्याला विचारलं, "मन्या, खरं सांग. त्याईनं मले कधी चांगलं म्हटलं होतं काय? का तूच आपल्या मनानं सांगत होता?"

"म्हटलं होतं, आई," मन्नूभाऊ म्हणाला. "मीच कमी करून सांगतलं."

आई गेली, आणि बंगल्यात सांगणारंही कोणी उरलं नाही, ऐकणारंही. तेव्हापासून तो माझ्या शटरखाली उभा असतो.

परवा सुनंदाचा दुकानात फोन आला. आमच्या वावरात रोडग्याचा बेत होता; गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, सोबत वांग्याची भाजी. ती म्हणाली, "मन्नूभाऊले सांगा, जेवाले या म्हणा." मी फोन ठेवला आणि समोरच बसलेल्या मन्नूभाऊला म्हटलं, "सुनंदाचा निरोप हाय. रोडगे जेवाले या म्हणते."

तो लगेच उठला. "कोणाले सांगू?"

"कोणाले नाही. तुले हाय."

त्यानं मागं वळून पाहिलं. मागं खताची पोती होती. मग परत बसला, आणि हळूच म्हणाला, "असंच म्हटलं काय तिनं? का तू गोड करून सांगून राह्यला?"

मी सुनंदाला फोन लावला आणि सरळ त्याच्या कानाला धरला. पलीकडून काय आलं, मला कळलं नाही. मन्नूभाऊ नुसता "हो... हो वहिनी... नाही, तिखट चालते" एवढंच म्हणाला. मग त्यानं फोन परत दिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मन्नूभाऊनं इस्त्रीची पँट झटकली आणि वावराच्या वाटेला लागता लागता, जन्मात पहिल्यांदा, निरोप स्वतःजवळ ठेवून घेतला.

"तुले काहून सांगू?" तो म्हणाला. "मले म्हटलं तिनं."