हौसाबाई घोलप यांस गस्तीची सनद मिळाली त्याची हकीकत

श्री. उंबऱ्याच्या देवतेस, दाराच्या कडीकोयंड्यास आणि निजल्या माणसासाठी जागणाऱ्या समस्त डोळ्यांस दंडवत असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, ते समयी राज्यात जे अद्भुत वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे; पदरचे मीठ घातले ते चवीपुरतेच.

नदीकाठच्या त्या राज्यात, बंद पडल्या सूतगिरणीचे पाठीमागे एक वसाहत होती आणि तिचे कारभारी राजश्री दिनकरराव शेडबाळे, ज्यांस लहानथोर अण्णा म्हणत, ते मोठे करारी पुरुष. टाकीचे पाणी कोणत्या प्रहरी सोडावे, गाडी कोणी कोठे लावावी, गणपतीत भोंगा कोठवर वाजवावा, हे सर्व अण्णांचे शब्दावर चाले आणि तो शब्द फिरला ऐसे कोणी पाहिले नव्हते. त्यांची एकुलती कन्या वैजयंती, तिने आपले मर्जीने वर निवडून परस्पर लग्न लाविले, तेव्हा अण्णांनी भर चौकात उभे राहोन जाहीर केले की, आजपासून ही मुलगी आमची नव्हे, तिने वसाहतीच्या फाटकात पाऊल ठेवू नये आणि आमचे घरच्या कोणी तिचे तोंड पाहू नये. अण्णांचे कुटुंब इंदुमतीबाई, त्या पदराने डोळे पुसून आत गेल्या आणि मग त्या घरात वैजयंती या नावाचा उच्चार बंद जाहला. परंतु ईश्वरी लीला कैसी पाहा. पुढे कन्येस कन्या जाहली, ही खबर अण्णांचे कानी आली आणि एवढा करारी पुरुष, पण उन्हात ठेविल्या लोण्यासारखा विरघळला. दिला शब्द तर फिरवता येईना. मग अण्णांनी गुप्त मसलत करोन कन्येस निरोप धाडिला, आणि दर गुरुवारी दुपारची जेवणे होऊन वसाहत आडवी झाली की, दत्ताच्या देवळात जाऊन येतो ऐसे कुटुंबास सांगून अण्णा निघत, ते देवळास वळसा घालून बर्फाच्या जुन्या कारखान्यामागे जात. तेथे वैजयंती लेकरास घेऊन येई. आणि मग ज्यांचे खाकरण्याने पोरे खेळ मोडून पळत, ते वसाहतीचे कारभारी विजार सावरून धुळीत हातपाय टेकीत आणि घोडा होत, आणि नात पाठीवर बसून त्यांचे कान ओढी, आणि अण्णा खिंकाळत. धन्य ते खिंकाळणे! ऐसा एक गुरुवार चालला असता अण्णांनी मान वर केली, तो समोर हौसाबाई घोलप उभ्या.

या हौसाबाईंची थोरवी काय वर्णावी. बायकांच्या तुरुंगात शिपाईगिरी करोन, निवृत्त होऊन, त्या वसाहतीत राहावयास आल्या होत्या. बांधा उंच, चालण्यात घाई नाही, आणि नजर ऐसी की भिंतीस भोक पडावे. कोणाचे घरी कोण आले, कोण गेले, कोणाच्या दाराची कडी लागली नाही, कोणता अनोळखी इसम त्याच वाटेने दुसऱ्यांदा फिरला, सर्व त्यांस ठाऊक. त्यांनी त्या दिवशी घोडा पाहिला, स्वार पाहिला, स्वाराची आई पाहिली, आणि चकार शब्द न काढता आल्या वाटेने निघून गेल्या. अण्णा मात्र दिवस मोजू लागले. ही बाई आज बोलेल, उद्या बोलेल, कुटुंबास कळेल, वसाहतीत हसे होईल, ऐसे करता करता वर्ष सरले. बाई जिन्यात भेटत, 'नमस्कार अण्णा' म्हणत, आणि त्या नमस्कारात अण्णांस काय काय ऐकू येई ते त्यांचे त्यांस ठाऊक. रात्रीची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, पण गुरुवार काही चुकला नाही.

मग हौसाबाईंचे मनात मोठा बेत आला. गिरणी बंद पडल्याने घरी बसलेल्या बायका, हाडापेराने बळकट, त्यांस त्यांनी एकत्र केले आणि म्हणाल्या की, आपण गस्तीचे पथक उभारू, बाजारपेठ आणि वसाहती राखू, मानाने राहू. बाजारवाल्यांनीही शब्द दिला की, सनद आणा, गस्त तुमची. मग काय विचारता! गिरणीच्या मैदानात सकाळी सकाळी कवायत सुरू जाहली. ज्या बायका काल नळावर भांडत होत्या त्या आज एका पावलाने वळू लागल्या आणि त्यांचे टाचांचे आवाजाने कावळे उडू लागले. सरकारचा कायदा ऐसा की, खाजगी गस्तीचा पोशाख फौजेसारखा वा पोलिसांसारखा दिसू नये, म्हणोन हौसाबाईंनी जांभळा रंग निवडला, कारण जांभळी फौज कोणत्याही राजाने कधी ठेविली नाही. ते जांभळे पथक प्रथम बाजारातून चालत गेले तेव्हा हलवायाने जिलबी कढईतच राहू दिली आणि न्हाव्याने गिऱ्हाईकाचे तोंड अर्धे ठेविले. लोक म्हणू लागले, हे काय तेज! पण तेज असले तरी सनदेवाचून एक पाऊल गस्त घालणे म्हणजे गुन्हा. म्हणोन अर्ज गेला, कवायतीचा दाखला गेला, पोलिसांनी घरी येऊन चौकशी केली, आणि मग शेवटची पायरी राहिली ती ही की, कोणाची हरकत असल्यास त्याने परवाना कचेरीत हजर होऊन सांगावी.

अण्णांनी मनाशी हिशेब मांडिला. आज या बाईस दोन डोळे आहेत, उद्या पथक फिरू लागले म्हणजे गल्लोगल्ली डोळे होतील, बर्फाचा कारखाना तर त्यांचे वाटेवरच, आणि मग गुरुवार कसला राहतो! नात दिसणार नाही, या एका भयाने अण्णा उठले आणि वसाहतीत घरोघर फिरोन म्हणाले की, ही बाई लोकांच्या घरात डोकावते, हिला सनद मिळता कामा नये. बाईंच्या चौकश्यांचे वसाहतीसही जुने दुखणे होतेच. मग नेमल्या दिवशी सर्व मंडळी अण्णांचे मागून कचेरीत दाखल जाहली. इंदुमतीबाईही आल्या होत्या. एका बाजूस वसाहत बसली, दुसऱ्या बाजूस जांभळे पथक उभे राहिले, आणि परवाने देणारे इनामदारसाहेब, ज्यांची सही मिळावी म्हणोन मोठमोठे लोक व्हरांड्यात ताटकळत, ते चष्मा पुसून खुर्चीवर विराजमान जाहले.

प्रथम वसंतराव बर्गे नामे गृहस्थ तावातावाने उठले.

"साहेब, गेल्या उन्हाळ्यात माझा मेव्हणा गावाकडनं आंब्याची पेटी घेऊन आला. ह्या बाईनं त्याला फाटकातच उभा केला. गाव कुठलं, कुणाकडं आलाय, पेटीत काय हाय! त्यो रागानं तसाच माघारी गेला."

"आणि आंबे?" साहेबांनी विचारले.

"तेच तर सांगतोय साहेब! आंबेबी गेले!"

सभा हसली, हौसाबाई हसल्या नाहीत. मग स्वतः अण्णा उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, आंब्याचं सोडा. ही बाई सगळं बघते. पण जे बघते ते हिच्या पोटात राहील याचा भरवसा काय? अशा माणसाला सनद दिली तर उद्या आमची अब्रू वेशीवर टांगली जाईल."

इनामदारसाहेबांनी मान डोलावली. "हा मुद्दा खरा आहे. गस्त घालणाऱ्याला डोळे पाहिजेत, तसं तोंडाला कुलूपही पाहिजे. बाई, तुम्ही पाहिलेलं कुणाला सांगत नाही, याला पुरावा काय?"

"न बोलल्याचा पुरावा कुठनं आणू साहेब?"

"एक साक्षीदार आणा. त्यानं उभं राहून सांगावं की, माझी एक गोष्ट ह्या बाईंना ठाऊक होती आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. असा एक माणूस मिळाला तर मी आत्ता सही करतो. नाहीतर अर्ज नामंजूर."

 वसाहतीतले जो तो आपल्या चपलांकडे पाहू लागला, कारण बाईस काही ठाऊक नाही ऐसे घर त्यात एकही नव्हते. अण्णांनी मनात ताडले: बाईंनी नुसते बोट उचलले तरी सनद त्यांची आणि आपला निकाल. हौसाबाईंनी सर्वांवरून नजर फिरवली, ती अण्णांवरूनही फिरली, पण इतरांवर थांबली त्याहून क्षणभरही अधिक थांबली नाही.

"साहेब, असा माणूस हाय," त्या म्हणाल्या. "पण मी त्याच्याकडं बोट दाखवलं म्हणजे त्याची गोष्ट सांगितल्यासारखंच झालं की. मग माझं कुलूप कसलं? फेटाळा अर्ज." आणि आपल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "चला गं."

पथक हलले. कोणी एकीने टोपी काढून तोंडाशी धरली आणि तिचे खांदे हलू लागले, दुसरीने तिचा दंड धरिला, आणि जांभळी रांग दाराकडे चालू लागली. अण्णांचा जय जाहला होता. हरकत मान्य, सनद बुडाली, गुपित शाबूत. परंतु जय जाहलेल्या माणसास आनंद व्हावा तो अण्णांस होईना. वर्षभर ज्या नमस्काराने त्यांची झोप उडाली होती तो निव्वळ नमस्कार होता, हे त्यांस आता कळले, आणि ऐसी बाई आपण आपल्या हाताने घरी बसवली, हेही उमगले. एवढ्या बायकांचे भवितव्य एका बोटावर होते आणि तिने ते बोट उचलले नाही! अण्णांनी आयुष्यात पुष्कळ करारी माणसे पाहिली होती, आरशात तर रोज पाहत होते, पण करारीपणा म्हणजे काय ते आज दिसले. ते उठू लागले. शेजारून इंदुमतीबाईंनी बाही ओढली, "अहो, बसा की, झालं ना आता?" पण अण्णा उभे राहिले ते राहिलेच.

"थांबा बाई. साहेब, साक्षीदार मी आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. अण्णा पुढे बोलू लागले. "मी माझ्या लेकीला भर चौकात तोडलं. घरातल्यांना तिचं तोंड बघायची बंदी केली. आणि स्वतः दर गुरुवारी बर्फाच्या कारखान्यामागं तिला भेटायला जातो. नातीला पाठीवर घेऊन घोडा होतो. ह्या बाईंनी ते वर्षापूर्वी डोळ्यांनी बघितलं. आजपर्यंत कुणाला कळलं नाही. माझ्या घरातसुद्धा नाही."

कोणी हसले नाही. अण्णांस कुटुंबाकडे पाहण्याचे धैर्य होईना, आणि सर्वांस वाटले की आता आभाळ कोसळते. तो इंदुमतीबाई सावकाश उठल्या, पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, माझीबी साक्ष लिहून घ्या. मी मंगळवारी जाते. देवीला म्हणून निघते आणि तिथंच जाते. ह्यांना सांगायचं नाही अशी लेकीला शपथ घातलीय. हौसाबाईंनी मलाबी बघितलंय."

"तू?" अण्णांचे तोंडून एवढेच निघाले.

"आई हाय मी," इंदुमतीबाई म्हणाल्या. मग त्या हौसाबाईंकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला दोघांचं ठाऊक होतं? बाई, एक शब्द बोलला असता तर एका घरात आम्ही दोघं चोरासारखं राहिलो नसतो."

हौसाबाई दारातून परत फिरल्या आणि जवळ आल्या. "काकी, मी बोलले असते तर तुम्हा दोघांचंबी जाणं लाजेनं थांबलं असतं. मग पोरगी मंगळवारीबी वाट बघत बसली असती आन् गुरुवारीबी."

हे ऐकून अण्णा मटकन खाली बसले आणि त्या करारी पुरुषाने सर्वांदेखत रुमालात तोंड घातले. बर्गे दुसरीकडे पाहू लागले.  मग इनामदारसाहेबांनी खिशातले आपले पेन काढिले आणि सही केली, आणि शिक्का स्वतःचे हाताने मारिला, जे काम ते एरवी शिपायास सांगत. सनद हाती येताच हौसाबाईंनी ती कपाळास लाविली, हे मात्र अवघ्या कचेरीने पाहिले.

मग संक्रांत आली. अण्णांचे घरी नातीचे बोरन्हाण ठरले, बोरे, हलवा, चुरमुरे आणिले, आणि वैजयंती लेकरास काळे झबले घालून, दिवसाढवळ्या, मोठ्या रस्त्याने आली ती फाटकाशी येऊन थांबली. फाटकावर नव्या सनदेची जांभळी शिपाईण उभी होती, तिने नियमाप्रमाणे आडवा हात धरिला आणि विचारिले, "ताई, कुणाकडं? हितं तुमाला कोण वळखतं?"  वैजयंती लेकरास छातीशी धरून उभी राहिली, आणि खिडक्या उघडू लागल्या, आणि वरून अण्णांनी हे पाहिले. ते अनवाणी जिना उतरले, ज्या चौकात शब्द दिला होता त्याच चौकात येऊन उभे राहिले, आणि शेवटल्या घरास ऐकू जाईल ऐशा आवाजाने ओरडले, "माझी आहे ती! माझी मुलगी आहे! सोडा तिला आत!"

शिपाईण म्हणाली, "वळख पटली, जावा ताई," आणि बाजूस जाहली.

ऐसे हे वर्तमान. हौसाबाईंची गस्त अद्याप चालू आहे, बाजार सुखाने निजतो, आणि बर्ग्यांच्या मेव्हण्यास आजही पेटीत काय आहे ते सांगावे लागते. बाईंनी आणखी काय काय पाहिले असेल ते कोणास ठाऊक नाही, आणि विचारण्याची कोणाची छातीही नाही. येथे लेखणी ठेविली.