एक छाप, तीन मापं

"खोटं वाटेल साहेब, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तिन्ही सिगारी अश्रुधुरानं मेल्या!" कुशाबा छाती काढून म्हणाला.

हेडक्लार्क चिंतामणरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. गिरणीच्या मॅनेजरला एकाच छापाच्या तीन मापांच्या सिगारी ओढून बघायच्या होत्या. आवडेल त्या मापाचा डबा मागवायचा होता. परवा कुशाबानं त्या फोर्टातून आणल्या, काल हरताळ पडला, आणि आज साहेब सकाळपासून भडकून बसला होता. नऊ वर्षं बदली कामगार म्हणून राबलेल्या कुशाबाचा कायम होण्याचा कागद चिंतामणरावांच्या पुढ्यात सहीवाचून पडला होता.

"काल पोचवायला निघालो, तर लालबागच्या नाक्यावर मोर्चा. पोलिसांनी नळकांडं फेकलं ते थेट माझ्या पिशवीत! मी उचलून त्यांच्याच गाडीत..."

"गाडी गेली खड्ड्यात! सिगारी कुठायत?"

"काळ्याठिक्कर पडल्या. गटारात टाकल्या."

खरा प्रकार असा होता की, कुशाबा सूत तपासणी खात्यातला. तपासल्याशिवाय नमुना पुढं सोडायचा नाही, ही हाताची खोड. काल शेजारच्या धोंडूला बोलावून त्यानं चाळीच्या गॅलरीत तिन्ही सिगारी एकदम पेटवल्या आणि आळीपाळीनं ओढल्या. धोंडूनं विडीसारखा छातीभर दम मारला आणि पाण्याच्या पिंपाला मिठी मारून ओरडला, "मेल्या, विष घातलंस काय रे!" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"थापाड्या!" चिंतामणराव कडाडले. मग साहेबाचा राग आठवून त्यांनीच सुस्कारा सोडला. "जाऊ दे. कोपऱ्यावरून त्या छापाची कुठल्याही मापाची एक आण. छाप तोच, तंबाखू तीच. लहान काय नि मोठी काय, धूर सारखाच." त्यांनी कुशाबाचा कागद सहीला ओढला, पेन उघडलं, टोक कागदाला टेकवलं.

कुशाबाच्या कपाळाची शीर उठली.

"सारखाच? काय बोलताय साहेब! बारकी आहे ती तापते, निम्म्यावर जीभ भाजते. लांबडी आधी गोडसर, मग मिरीसारखी चढते. आणि जाडी बुटकी? थंड धूर, शेवटपर्यंत मऊ, भाजल्या काजूगत! कापूस एक म्हणून विसाचं जाडं सूत नि चाळिसाचं बारीक सूत सारखंच काय? नऊ वर्षं तपासतोय मी, मला शिकवता?"

टाइपरायटर थांबले. चिंतामणरावांनी पेन उचललं, हळूच टोपण लावलं.

"चोरा! ओढल्यास? तिन्हीच्या तिन्ही?"