काटकसरीचे विमान

माणसाचा मोठेपणा तो किती खर्च करतो यावर ठरत नाही. तोच खर्च स्वस्तात पडला हे किती ठामपणे सांगतो यावर ठरतो. घोडेगावकडच्या आमच्या दूध संघाला यंदा काटकसरीबद्दल दिल्लीत पुरस्कार जाहीर झाला. अध्यक्ष काकासाहेबांनी तो आणायला जावे कसे, यासाठी तुलना समिती नेमली गेली. मी तिचा सचिव.

शिर्डीहून नेहमीच्या विमानाचे तिकीट आठ हजार. सहा आसनांचे भाड्याचे छोटे विमान सहा लाख. अडाणी माणूस इथेच थांबतो. समिती थांबली नाही. सहा लाख भागिले सहा, म्हणजे माणशी एकच लाख. उलट नेहमीच्या विमानासाठी अध्यक्षांना चारचौघांत कमरेचा पट्टा काढावा लागतो. या अपमानाचे (सवलतीच्या दराने) नव्वद हजार. खिडकी न मिळाल्यास मनस्तापाचे पाच. एकूण एक लाख तीन हजार. छोट्या विमानात माणशी तीन हजारांची बचत! एकटे गेल्यास बचत फारच कमी भरते, म्हणून वहिनीसाहेब, मेव्हणे आणि मेव्हण्यांचे तीन व्याही सोबत घेऊन ती अठरा हजारांवर नेली. पैसे जनावरांच्या डॉक्टरच्या गाडीच्या डिझेलमधून वळवले. (विमानाचे भाडे आधीच भरले होते, सभा नंतर झाली.)

आमच्या वार्षिक सभेत ठराव वाचून होण्याआधीच ‘मंजूर’ म्हणायची पद्धत आहे, कारण पुढे जेवण असते. विमान असेच मंजूर झाले. तेवढ्यात रतनबाई उभ्या राहिल्या. एका गाईवर घर चालवणाऱ्या सभासद.

“काकासाहेब, माजी गाय सकाळपास्नं अडलीय. डॉक्टर म्हनत्यात, गाडीत डिझेल न्हाई. कायतरी करा.”

“मंजूर!” सभा गरजली.

“आवं, मंजूर काय? मरंल ती!”

“मंजूर! मंजूर!”

इतिवृत्तात तसेच घ्यावे लागले. मला मनापासून वाईट वाटले. जिलेबी एकदाच वाढून घेतली.

संध्याकाळी गाय गेली, पोटातल्या वासरासकट. काकासाहेब पुरस्कार घेऊन सुखरूप परतले. दूध न घालणारा सभासद राहत नाही, या नियमाने रतनबाईंचे नाव कमी झाले, त्यामुळे पुढच्या सभेत कोणी मध्येच उठणार नाही.

हे इतिवृत्त आता आपल्यापुढे आहे. सहा लाखांना सहाने भागले तेव्हा आपण काही बोलला नाहीत. पट्ट्याला तर हसलात. डिझेलची ओळही वाचून पुढे आलात. आमच्याकडे याला मंजूर म्हणतात.