पेढा, बर्फी आणि टीसीपी

तेजलचं डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं, तेव्हा मी रूपलला म्हणालो, "नेटचं माझ्यावर सोड." (माझ्या संसारातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत.)

तेजल आमची एकुलती एक, नवऱ्याबरोबर जर्मनीत. सातवा महिना. लेकीजवळ जायला रूपल बॅग भरून बसली होती, पण दोन महिन्यांपूर्वी व्हिसा नाकारला गेला आणि बाई हसायचीच विसरली. त्यामुळे हा कॉल नीट व्हायलाच हवा होता.

मी तारापूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. आठवडाभर यूट्यूब पाहून कळलं, की टीसीपी म्हणजे इंटरनेटचं डिस्पॅच खातंच. माल पाकिटापाकिटाने पाठवायचा, पोच घ्यायची, एकही पाकीट गहाळ होऊ द्यायचं नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये बफर नावाची जागा होती, गाड्या थांबवायच्या आवारासारखी. आवार मोठं तर माल परत जात नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. मी ते चौसष्टपट वाढवलं. (मोठ्या आवारात गाड्या नुसत्या रांग लावून उभ्या राहतात, हाही तीस वर्षांचाच अनुभव, तो नंतर आठवला.)

रविवारी सालवडच्या घरी रूपल हिरवी साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली. शेजारी शिरगावहून आलेले, तिच्या माहेरच्या वाडीतले चिकू आणि झाकलेल्या दोन वाट्या. लेकीने एक निवडायची; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"बरी हायस ना गं?"

शांतता.

"पाय सुजतात काय?"

"हो गं आई, अगदी!"

रूपलचा चेहरा पडला. "वेळेवर जेवतेस ना?"

"नाही गं, अजिबात नाही."

"अहो, काय चाललंय पोरीचं?"

"उत्तरं एक प्रश्न उशिरा येतायत," मी हळूच म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की सांगायची सोय नाही. मग तेजलला विचारलं, "डावी की उजवी?" आणि चित्र थिजलं. रूपल नारळ आणायला आत गेली.

मला डायबेटीस. घरात पेढा बंद. समोर लेकीचं थिजलेलं चित्र, म्हणजे बघणारं कोणी नाही. उजवी वाटी माझ्या हाताशी होती.

रूपल परतली आणि आवाज आला, "उजवी!"

तिने झाकण काढलं. "अहो, पेढा कुठं?"

"मी वाटीला हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात माझं चित्र जर्मनीत पोचलं.

"बाबा," तेजल म्हणाली, "हळू खा, ठसका लागेल." (एकही पाकीट गहाळ झालं नव्हतं.)

रूपल फस्सकन हसली. दोन महिन्यांनी. ते हसू तिकडे उशिरा पोचलं, तिकडचं इकडे उशिरा आलं, आणि बराच वेळ दोन्हींपैकी एका घरात कोणीतरी हसतच होतं.

"आई, रिकामी वाटी म्हणजे बाळ बाबांवर जाणार!"

रूपलने पदराने डोळे पुसले.

"ओटीच्या दिवशी असं अभद्र बोलू नये बाय."